मासळीवालीचा माळकरी नवरा

विठू कोळी ताटातला तिसरा बोंबील उचलत असताना त्याची बायको मैना रिकामी टोपली भिंतीला टेकवत म्हणाली, "त्या तुळशीरामाचं अंग बगितलं का कदी? मिठाच्या दोन गोनी एकदम उचलतो. खांदे हायेत का बैलाचं वशिंड! आनि खातो काय, तर वाल."

बोंबील विठूच्या हातातच राहिला.

तुळशीराम हा ओवे गावचा. मिठागरातल्या गोणी मचव्यात चढवायला तो रोज पनवेलच्या धक्क्यावर येई. गळ्यात माळ, त्यामुळे मासळी-मटण वर्ज्य. या माणसाबद्दल विठूचे त्या दिवसापर्यंत काहीच मत नव्हते. हात धुवायला उठेपर्यंत ते पक्के झाले होते.

दात आल्यापासून विठू मासळी खात आला होता आणि एवढ्या वर्षांच्या सहवासाने तो तिच्यासारखाच दिसू लागला होता; अर्थात सुकवलेल्या मासळीसारखा. मीठवाल्याच्या खांद्यांशी तुला काय करायचे आहे, असे बायकोला विचारण्याची त्याची छाती नव्हती. छाती हाच मुळात प्रश्न होता. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने धक्क्यावर तुळशीरामलाच गाठले.

"काय खातोस रं तू?"

"वाल. भिजवायचे, मोड आनायचे, सोलायचे, नि उसळ करायची. सकाळ, दुपार, सांज."

"आनखी?"

"आनखी मीठ उचलतो."

शेवटचे वाक्य विठूला नीट ऐकू आले, पण ते त्याला महत्त्वाचे वाटले नाही.

त्याच दिवशी त्याने मासळी सोडली. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी आपण बोलता बोलता काटा चोखतो आहोत, असे त्याच्या लक्षात आले. तेव्हा त्याने गावातल्या बुवांकडे जाऊन रीतसर माळ घातली. माळेचा एक मोठा फायदा असतो. एरवी माणसाला स्वतःच्या मनावर विसंबावे लागते; माळ घातल्यावर तेच काम शेजारीपाजारी करतात.

"तुमाला देव कदी दिसला?" मैनेने विचारले.

"दिसला नाय. तू वालाची उसळ कर."

"मी पहाटे धक्क्यावर जाते, दुपारपर्यंत उन्हात टोपली घेऊन बसते, आनि घरी येऊन एकेक वाल सोलू? सोला तुमीच!"

मग विठू उंबऱ्यात बसून वाल सोलू लागला. भिजलेला वाल हा स्वभावाने पळपुटा. बोटांतून सुटला की तो थेट शेजारच्या ठमाबाईच्या अंगणात जाई. ठमाबाईही मासळीवालीच, बाजारात तिची टोपली मैनेच्या टोपलीला लागून असे.

"काय इठूभावजी," ती वाल परत फेकत विचारी, "घरात कोन बाळंत झालं?"

विठू ज्या मचव्यावर कामाला जाई, त्याचा तांडेल काशीराम याने ही बातमी ऐकून घेतली आणि शांतपणे सांगितले, "मासे मारायचे नि खायाचे नाय? उगाच मारायचे? आमी याला पाप म्हनतो. तू किनाऱ्यावरच बस." विठूला हा मुद्दा खोडता आला नाही. तो घरी बसला. अंग किती भरले ते पाहायला दर सोमवारी जाळ्याची सुतळी दंडाभोवती गुंडाळून तो गाठ मारून ठेवी. चौथ्या सोमवारी गाठ सरकली, पण आतल्या बाजूला.

इकडे बाजारात वकील कर्णिकांच्या पत्नी मैनेपुढे वाकल्या होत्या. त्यांच्या घरी मासळी मैनेचीच जाई.

"काय गं, पापलेट कालचं नाही ना?"

"कल्ला उघडून बगा वैनी. कुंकवासारखा लाल हाय."

"मावरं ताजंच हाय हो तिचं," ठमाबाई माशा हाकत म्हणाली. "फकस्त तिचा घरधनी त्याला शिवत नाय. माळ घातलीन त्यानी."

कर्णिकवहिनींनी पापलेट जागच्या जागी ठेवले. "ज्याला फुकट मिळतं तोच खात नाही, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणार," असे म्हणून त्या ठमाबाईच्या टोपलीकडे वळल्या. त्यांच्यामागून आणखी तिघी वळल्या.

आठवडाभर मैनेची अर्धी टोपली घरी परत येत राहिली. तिने ती मासळी मीठ लावून सुकत घातली, ती नेमकी विठू वाल सोलायला बसे त्याच्या डोक्यावरच्या दोरीवर. विठू एका हाताने वाल सोली आणि दुसऱ्या हाताने माळ धरून बसे.

"माळ काढा," मैना म्हणाली.

"लोक काय म्हनतील?"

"आता काय म्हनतात ते आयकलंव का?"

विठूने ऐकले होते. पण माळ काढायची म्हणजे तुळशीरामपुढे हार खायची, आणि तीही बायकोच्या देखत. तो वाल सोलत राहिला.  दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जाऊन मैनेने तुळशीरामला, माझी टोपली बाजारात न्याल का, असे विचारले.

"मी मावऱ्याला शिवत नाय," तुळशीरामने आधीच सांगून टाकले.

"शिवा कोन म्हनतो? डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली. तुमी फकस्त चुंबळीला शिवा."

हे धर्मशास्त्र तुळशीरामला पटले. त्याने माळ सदऱ्याच्या आत सरकवली. मोबदल्यात रोज वाटीभर सोललेले वाल ठरले. घरात सोललेले वाल कोणी सोललेले होते, याची चर्चा झाली नाही.

तुळशीराम टोपली घेऊन बाजारात शिरला आणि भाव करणाऱ्या बायकांचे भाव अर्ध्यावर राहिले.

"हा काय खातो गं?" कर्णिकवहिनींनी हळूच विचारले.

"टोपली कोनाची हाय ते बगा की वैनी," मैना म्हणाली. ती खोटे एक अक्षर बोलली नाही. दहाच्या आत टोपली रिकामी झाली.

पाचव्या दिवशी विठूच्या लक्षात आले, की वाल सोलून सोलून बोटे सुजली तरी आपल्या पानात उसळ कमीच पडते. बाकीचे ठमाबाईने संध्याकाळी बाजारातून आल्यावर समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हातातले वाल तसेच टाकून बाजाराकडे निघाला. तुळशीरामची माळ चारचौघांत बाहेर ओढायची आणि ओरडून सांगायचे, की हा मासळीला शिवत नाही, याचे खांदे वालाचे आहेत! वाटेत त्याने ते वाक्य चार वेळा घोकले.

तो पोचला तेव्हा तुळशीराम टोपलीशेजारी मांडी घालून बसला होता आणि मैना त्याच्या कसल्याशा बोलण्यावर हसत होती. विठूने तोंड उघडले. पण ठमाबाईचे आधीच उघडे होते.

"ह्यो बगा! ह्योच तो मासळी सोडलेला!"

सगळ्या बायकांनी विठूकडे पाहिले. मग तुळशीरामकडे पाहिले. मग पुन्हा विठूकडे पाहिले. त्याच्या उघड्या अंगावरच्या फासळ्या मोजता येत होत्या, आणि एकदोघींनी त्या मोजल्याही.

"अगं बाई!" कर्णिकवहिनी म्हणाल्या. "मासळी सोडली की असं होतं?"

तुळशीरामचा गळा हातभर अंतरावर होता. एका हिसक्याचे काम होते. तुळशीरामचे नाव बुडाले असते. त्याबरोबर टोपलीही बुडाली असती. मैनेने हातातली सुरी खाली ठेवली होती. ती तुळशीरामकडे पाहत नव्हती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती एकटक विठूकडे पाहत होती.

विठूने घोकलेले वाक्य सोडून दिले.

"होय वैनी," तो म्हणाला. "दोन म्हैने झाले सोडून. आदी मीबी असाच होतो." आणि त्याने तुळशीरामकडे बोट दाखवले.

कर्णिकवहिनींनी सहा पापलेटे घेतली. ठमाबाईची गिऱ्हाइके अलीकडे सरकली.

घरी आल्यावर विठू आनंदाने म्हणाला, "आता माळ काढतो. बोंबील कर."

"खबरदार!" मैना म्हणाली. "तुमी असे हाय म्हनून तर टोपली खपते. उद्यापास्नं दोघं बाजूबाजूला बसा."

तुळशीरामला सकाळी गोणी चढवायच्या असत. म्हणून भरली टोपली धक्क्यापासून बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत विठूने वाहायची आणि कोपऱ्यावर ती तुळशीरामच्या डोक्यावर द्यायची, असे ठरले. पुढची तीस पावले तुळशीराम चाले. बघणारे लोक त्या तीस पावलांतच होते.

तीन महिने विठूने रोज भरली टोपली वाहिली आणि दिवसातून तीन वेळा वाल खाल्ले. एके दिवशी टोपली उचलताना त्याच्या सदऱ्याची बाही टर्रकन फाटली. आत दंड होता. चांगला टणक, गोळा आलेला दंड. विठूने तो वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला, पुन्हा वाकवला.

"मैने! बग गो, बग!"

मैनेने पापलेट दाबून पाहावे तसे दंडावर बोट दाबले. मग दचकून इकडेतिकडे पाहिले.

"कोनी बगितलं नाय ना?"

"नाय. का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक धुतलेला सदरा आणून त्याच्या अंगात चढवला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि बाजारात पाठ वाकवून बसायला बजावले. सदऱ्याचे खांदे विठूच्या कोपरांवर लोंबत होते.

"कोनाचा गो ह्यो?"

मैनेने टोपली त्याच्या डोक्यावर ठेवली.

"तुळशीरामाचा," ती समाधानाने म्हणाली. "तुमाला अजून केवढा सैल होतो, बगा!"