बापटांच्या रणधीरची दुसरी विद्या

आमच्या खेळात कुणी नवा फासा आणला, की बापट तो आधी मिठाच्या पाण्यात टाकतात. पाणी इतकं खारट करतात, की फासा तरंगतो. मग त्याला टिचकी मारून फिरवतात आणि पुन्हा पुन्हा तोच आकडा वर येतो का, ते बघत बसतात. मीठ घरून डबीतून आणतात. आमच्यातल्या विलास म्हात्र्यांची कळव्याला पूर्वी मिठागरं होती. ते एकदा म्हणाले, "बापटसाहेब, मीठ तरी आमचं घ्या."

बापट म्हणाले, "यात तुमचा फायदा काय?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. एकावर एक साबण फुकट देणाऱ्या दुकानदाराला विचारतात. लिफ्टमध्ये "आधी तुम्ही" म्हणणाऱ्या शेजाऱ्यालाही विचारतात. कारखान्यात येणारा कच्चा माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर माल यायचा थांबला, तपासणी चालूच राहिली.

खेळ कुठला ते सांगतो. माझी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि तिचा हा फाशांचा खेळ माझ्या डोंबिवलीच्या घरात राहिला. प्रत्येकाने एक वीर व्हायचं, एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची आणि वीराचा डाव जमला की फसला, ते फाशावर ठरवायचं. सूत्रधार मी. खेळाडू तीन: बापट, म्हात्रे आणि वर्तकनगरची प्राची. प्राची बँकेत आहे आणि नियम तिला माझ्याहून चांगले येतात.

बापटांचा वीर म्हणजे रणधीर नावाचा लढवय्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माणसावर छाप पाडण्याच्या गुणासाठी तीन फासे टाकले आणि अठरा आले. त्याहून जास्त येतच नाहीत. बापटांनी फासे परत पाण्यात टाकले. पण अठरा ते अठराच. तेव्हापासून रणधीर असा, की शत्रूनेसुद्धा त्याला बसायला पाट द्यावा. आणि चालवणारे बापट! एका खाणावळवाल्याने रणधीरवर खूश होऊन फुकट जेवण वाढलं. बापटांनी ते आधी घोड्याला घातलं.

"घोडा मेला?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो."

"अजून नाही," असं म्हणून रणधीर उपाशी झोपला.

गेल्या पावसाळ्यानंतर गोष्टीतले आमचे वीर शत्रूच्या किल्ल्याच्या दाराशी पोचले आणि रणधीर अशा पायरीला आला, की त्याला लढाईच्या जोडीला दुसरी विद्या घेता यावी. याला मल्टिक्लास म्हणतात. एवढी छाप असलेल्या लढवय्यासमोर तीन चांगले रस्ते होते. बार्ड झाला तर गाण्याने जादू करेल. वॉरलॉक झाला तर एखाद्या अज्ञात शक्तीशी करार करून बळ मिळवेल. पॅलाडिन झाला तर शपथ घेऊन धर्मयोद्धा होईल.

"वॉरलॉकच्या कराराची प्रत आपल्याला मिळते का?" बापटांनी विचारलं.

"काका, ती अज्ञात शक्ती आहे," प्राची म्हणाली. "झेरॉक्स कुठून देणार?"

"मग सही कशी करायची? आणि बार्डचा घसा बसला तर?"

"आल्याचा चहा द्या त्याला," म्हात्रे म्हणाले. "पण किल्ल्यात चला आता."

बापट चालेनात. दुसरी विद्या ठरल्याशिवाय रणधीर दारातून आत पाऊल टाकणार नाही, म्हणाले. रविवारमागून रविवार गेले. आम्ही किल्ल्याच्या दारात उभे.

मग त्यांचा मला फोन आला. "सामंत, मंगळवारी संध्याकाळी ठाकुर्लीला घरी या. पॅलाडिनबद्दल बोलायचंय. बाकीच्यांना कळू देऊ नका." मी गेलो. बापटांनी स्वतः भजी तळली, शपथांवर बराच वेळ खल केला आणि शेवटी म्हणाले, "अजून पक्कं होत नाही. पुढच्या मंगळवारी बघू." असे बरेच मंगळवार झाले.

एकदा म्हात्र्यांच्या तोंडून निसटलं. बापट दर गुरुवारी त्यांना बोलावत होते. वॉरलॉकबद्दल. "सामंतांना सांगू नका" या अटीवर. प्राचीला विचारलं, तर तिचा शनिवार होता आणि विषय बार्ड.

मला संशयाने घेरलं. तिघांना तीन गोष्टी सांगणारा माणूस काहीतरी शिजवत असणार. किल्ल्याच्या सरदाराला आम्हाला विकणार असेल? म्हात्रे म्हणाले, "साहेब डबल गेम करतायत." एका निवृत्त माणसाच्या पाठीमागे आम्ही तिघं वर्तकनगरच्या एका हॉटेलात गुपचूप बसलो. मला अपराधी वाटत होतं, तरी मी उठलो नाही. उलट उपाय मीच सुचवला: त्यांच्यासाठी आपणच ठरवून टाकू. मग कसला डाव टाकतील?

रविवारी प्राचीने बापटांपुढे कागद ठेवला. रणधीरच्या नावापुढे तिने सुंदर अक्षरात लिहिलं होतं, पॅलाडिन.

"काका, झालं तुमचं काम. एकमताने. आता चला किल्ल्यात."

मला वाटलं, बापट भडकतील. भडकले असते, तर चोरी पकडली गेली, असं मी समजलो असतो. ते भडकले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"झालं?" ते म्हणाले. "म्हणजे आता मंगळवारी तुम्हाला यायला नको."

त्यांनी कागद जवळ ओढला.

"विलासरावांनाही कळव्याहून यावं लागत होतं, गुरुवारचं. प्राचीची तर शनिवारची सुट्टी जायची." ते हसल्यासारखं करत होते. "बरं झालं. तुम्हा सगळ्यांचा वेळ वाचला."

म्हात्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. या माणसाची आम्ही इतकी तपासणी केली, आणि त्यात नेमकं हेच आमच्या नजरेतून सुटलं होतं.

"थांबा," मी म्हणालो. "सूत्रधार म्हणून माझी हरकत आहे. पॅलाडिन म्हणजे कुठल्या शपथेचा पॅलाडिन? शपथ ठरल्याशिवाय मी त्याला आत घेणार नाही."

खरं तर शपथेची घाई नव्हती. ती आणखी दोन पायऱ्यांनंतर लागते आणि हे प्राचीला पक्कं ठाऊक होतं. तिने नियमांचं पुस्तक उघडलं, क्षणभर पाहिलं आणि मिटलं.

"हो काका, ते राहिलंच," ती म्हणाली. "मला वाटतं, सूडाची शपथ घ्यावी. पण इथे घाईत नको. शनिवारी घरी येऊन समजावते."

"अगं, सूड काय सूड!" म्हात्रे म्हणाले. "बापटसाहेब, हिचं ऐकू नका. गुरुवारी मी येतोय."

बापटांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"एकूण शपथा किती आहेत?" त्यांनी मला विचारलं.

"बऱ्याच आहेत."

"मग हे एका बैठकीत आटोपणारं नाही," असं म्हणून त्यांनी खोडरबर घेतला आणि प्राचीचं ते सुंदर अक्षर हलक्या हाताने पुसायला लागले.