बेडकाशी आमचं नातं

मॉलिक्युलर बायॉलॉजिस्ट कसं व्हायचं, हे मला विचारा! उमेदवारीत असतानाच मी जगाला हादरवणारा शोध लावला होता.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, एक खिडकी आणि सतत घुमणारा म्हातारा फ्रीझर. तिथल्या प्रमुख बाई मोजकंच बोलायच्या. "काम जमलं तर कायम, नाहीतर घरी," एवढंच म्हणाल्या होत्या. पण मला दुसरं काही येतच नव्हतं हो!

काम होतं तळ्यातल्या बेडकांचा डीएनए वाचायचं. इवल्याशा नळ्या उघड्या ठेवून त्यात थेंब थेंब सोडत मी शेजारच्या मैत्रिणीला आत्याच्या भांडणाची हकिगत रंगवून सांगत होते. पुढे निकाल हातात आला आणि मी ताडकन उठले. बेडकाचा डीएनए हुबेहूब माणसाचा!

घरी सांगितलं. बाबांनी तडक काकांना फोन लावला, "अरे, पोरीला आपला पूर्वज सापडलाय! बेडूक आहे!"

"तुमच्याच घराण्यातला असणार," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सगळे निकाल बाईंसमोर ऐटीत मांडले, साध्या पाण्याच्या नळीसकट. प्रत्येक खेपेला एका नळीत नुसतं पाणी घालतात. त्यात काहीही दिसता कामा नये.

"पाण्यातही माणूस?" बाईंनी चष्मा काढला. "आ कर बघू."

माझ्या गालाच्या आतून त्यांनी कापूस फिरवला. तपासणी झाली. अक्षरन् अक्षर जुळलं!

"हा बेडूक नाही, तू आहेस. नळ्यांवर वाकून बडबडत होतीस ना? थुंकी उडाली."

मैत्रीण हसून हसून लोळायची बाकी होती. मी मुकाट्याने पिशवी उचलली.

"कुठे निघालीस?"

"घरी."

"बस खाली. पाण्याची नळी बिघडली की लोक ती दडपतात. तू आपणहून दाखवलीस. असं माणूस मला हवंय. उद्यापासून तोंडाला फडकं बांधून ये."

मी तिथेच रडले.

आता बाई नाहीत. त्या खोलीची, त्या फ्रीझरच्या घूं घूं आवाजाचीसुद्धा फार आठवण येते. नव्या पोरांना मी बाईंचाच धडा देते, पाण्याची नळी कधी दडपू नका!

फक्त एक गोष्ट बाईंना शेवटपर्यंत सांगायची राहिली. ती नळी कशासाठी असते, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. सगळ्यात ठळक निकाल तिचा आला, म्हणून मी ती हौसेनं सगळ्यात वर ठेवली होती!