तळपेठेच्या समाधानाची हकीकत

श्री सुबुद्धी देणार समर्थ. ती ज्या दरबारी पोहोचली नाही तेथील हे वर्तमान, वाचणाराने दार लावोन वाचावे. शके सोळाशे एकसष्ट, सिद्धार्थी संवत्सरी, एका राज्यात नदीचा बांध तडकला, आणि बांधाखाली तळपेठ होती, आणि तीत कोष्टी लोक माग चालवोन नांदत होते. मग महाराजांनी प्रधान शिवदेवपंतांस पुसिले की, "बांध दुरुस्त न केला तरी रयतेचे सुख किती उणे होईल?" पंत मोठे हिशेबी. ते बोलिले, "महाराज, माणूस जेथे राहतो ते त्यास आवडते, ऐसे धरावे. पेठ सोडोन कोणी गेले नाही. सबब पाण्याचे भय त्यांस नाही आणि सुख तिळभर उणे होत नाही." आणि सारा दरबार डोलला, कारण न डोलणारी मान तेथे फार दिवस टिकत नसे.

मग येसू कोष्टीण देवडी ओलांडोन दरबारात आली. तिची लेक घरी ओली बाळंतीण, आणि भिंतीतून पाणी झिरपू लागलेले. ती हात जोडोन बोलली, "सरकार, आवडीनं कोन ऱ्हातंय? पेठ सोडली की घर आन् माग सरकारजमा, असा तुमचाच कायदा. माग गेल्यावर खावं काय? बांध करकरतोय, जीव थाऱ्यावर न्हाई." महाराज दचकले आणि पंतांकडे पाहते जाहले. पंत हसोन बोलिले, "बाई, बोलणे कोणीही बोलेल, आम्ही वागणे पाहतो. येथून तू कोठे जाणार?" ती बोलली, "घरीच की. लेक तिथं हाय." मग पंत बोलिले, "पाहावे महाराज, आताही तिने पेठच निवडली!"

आणि बांध तसाच राहिला, आणि श्रावण वद्य अष्टमीस भर दुपारी फुटला. पेठ होती तेथे गढूळ पाणी फिरत होते आणि मागांची लाकडे तरंगत होती. मग महाराज भयभीत होऊन पुसते जाहले, "पंत, आता तळपेठेचे सुख किती?" पंतांनी उत्तर दिले, "महाराज, मागे तेथून एक गाऱ्हाणे आले होते. आता एकही नाही. समाधान पूर्ण जाहले." आणि महाराजांनी पंतांस शालजोडी दिली.

सारांश, राज्य सुखी आहे. आज पंतांचे कारकून सुख मोजावयास आमच्या आळीत आले आहेत, आणि कोणास काही पुसत नाहीत. घरात अजून कोण कोण राहिले आहे, तेवढेच पाहोन पुढे जातात.