दोनशे साठ साहेब

आकडे कसे सांगावेत ते या जगात मला एकट्यालाच कळतं, अशी माझी पक्की खात्री होती. होती!

आमची रेकॉर्ड रूम तळघरात आहे. गेली अकरा वर्षं मी तिथे फायलींच्या संगतीत काढली. ऊन बघायचं तर जेवणाच्या सुट्टीत वर यावं लागतं. त्यामुळे साहेब जेव्हा म्हणाले, "सोमवारी संचालिका मॅडम येतायत. फायलींसाठी वरची खोली मंजूर करून घ्या, खिडकीजवळचं टेबल तुमचं!" तेव्हा मला रडूच कोसळलं.

सगळ्या फायली एकावर एक ठेवल्या तर चळत होते चौदाशे पंच्याण्णव फुटांची. हा आकडा मी घरी बायकोला ऐकवला. तिनं भली मोठी जांभई दिली आणि म्हणाली, "बरं."

बस्स! तिथेच मला सुचलं. लोकांना फूट दिसत नाहीत हो, माणूस दिसतो! साहेबांच्या सेवापुस्तकात त्यांची उंची सापडली, पाच फूट नऊ इंच. भागाकार केला तर बरोब्बर दोनशे साठ! तीन रात्री जागून मी लांबलचक कागदावर साहेबांच्या डोक्यावर साहेब, त्यांच्या डोक्यावर पुन्हा साहेब, असे दोनशे साठ साहेब काढले. शिवाय नमुन्यादाखल भिंतीशी एक साहेब उंचीची खरीखुरी चळत रचली, टेप लावून.

"अहो, पण साहेबांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"विचारायचं कशाला? खूश होतील!"

सोमवारी मॅडम चित्र बघून खळखळून हसल्या. साहेबही हसले, पण नुसते ओठांनी.

"आणि हा प्रत्यक्ष एक साहेब!" मी चळतीकडे हात केला.

"अरे वा! उभे राहा बघू शेजारी," मॅडम साहेबांना म्हणाल्या.

साहेब उभे राहिले. चळत त्यांच्यापेक्षा चांगली चार इंच उंच!

"तळघरात ओल फार," साहेब घाईघाईनं म्हणाले. "फायली फुगल्यात."

इथे मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर! पण माझ्या मापावर शंका? मी टेप काढला. "छे छे साहेब, पाच फूट नऊ, अगदी काटेकोर. तुमच्याच सेवापुस्तकातून घेतलंय!"

"मग यांनाच मोजा," मॅडम म्हणाल्या.

मी मोजलं. पाच फूट पाच. "बुटांसकट," मी प्रामाणिकपणे सांगितलं. आग लागो त्या प्रामाणिकपणाला! साहेबांना बूट काढावे लागले. पाच फूट तीन. मोज्यांवर उभा असलेला माणूस एवढा भयंकर दिसू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मॅडमनी मोबाइलवर हिशेब केला. "म्हणजे दोनशे साठ नाही, दोनशे पंच्याऐंशी साहेब! अडचण तर आणखीच मोठी निघाली. खोली मंजूर! आणि हो, दर महिन्याचा अहवाल याच मापात पाठवत जा. मला पहिल्यांदाच काहीतरी कळलंय."

आता सांगा, जिंकलो की नाही मी? जिंकलोच की! कपाळ माझं!

तेव्हापासून 'या महिन्यात अडीच साहेब फायली वर हलवल्या' असा अहवाल घेऊन मी सहीला जातो. साहेब सही अशी दाबून करतात की कागद फाटतो. फायली एकेक करून उजेडात चालल्यात. मला मात्र 'तळघराची देखरेख' म्हणून कायमचं खालीच ठेवलंय.

"आणि ते खिडकीजवळचं टेबल?" काल बायकोनं विचारलं.

"त्यावर साहेबांनी कुंडी ठेवलीय. एक रोप आहे."

"केवढं आहे?"

"पाव साहेब," मी म्हणालो. "पण वाढतंय गं. ऊन मिळतं ना त्याला."