हिलाल जिवंत आहे, नोंदीचं बघावं लागेल

"माणूस मरतो, पण ज्ञानकोशातली नोंद मरत नाही!"

हे थोर वाक्य मी सोमवारी हिलालच्या ओट्यावर चहाचा कप उंचावून उच्चारलं. शनिवारी नोंद ठणठणीत होती आणि माणूस मेला होता. निदान सुरतेत लिंबायतपासून चलथाणपर्यंत सगळ्यांची तशी समजूत होती. आणि ती करून देणारा मी!

हिलाल म्हणजे माझा शेजारी. अमळनेरकडून सुरतेला आला, लूमच्या कारखान्यात मुकादम झाला. फ्लॉपीच्या जमान्यात त्यानं रात्रशाळेत कॉम्प्युटर शिकून 'ताकामित्र' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कोणत्या मागावरून किती ताके, म्हणजे तागे, कापड उतरलं, ते हा प्रोग्रॅम मराठीत सांगायचा. चुकीचा आकडा टाकला, तर पडद्यावर अहिराणीत यायचं, "काय करी ऱ्हायना भाऊ?" सुरतेजवळच्या सचिन वसाहतीतल्या चार-पाच कारखान्यांत तो चालला. पुढे नवे कॉम्प्युटर आले, त्यांना हा भाऊ ओळखू येईना. प्रोग्रॅम बंद पडला. उरलेल्या फ्लॉप्यांवर त्याची बायको, आमच्या पुष्पावहिनी, चहाचे कप ठेवतात.

हिलालच्या नातीनं, शीतलनं, इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात 'ताकामित्र'ची नोंद केली. तिथे कुणीही लिहू शकतं. आणि कुणीही पुसूही शकतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. 'काटेकोर' असं टोपणनाव घेतलेल्या एका संपादकानं वर पाटी लावली: "अप्रसिद्ध, बंद पडलेले सॉफ्टवेअर. स्वतंत्र छापील संदर्भ नाही. नोंद वगळावी. चर्चा आठवडाभर खुली."

"जाऊ द्या आबा," हिलाल म्हणाला. "जन्मभर दुसऱ्याच्या मशिनवर दुसऱ्याचं कापड काढलं. ही एकच वस्तू माझी होती. ती होती, एवढं कुठंतरी लिहिलेलं राहिलं असतं, बस."

हे ऐकून माझ्यातला निवृत्त विनोदी लेखक पेटला. आयुष्यभर पुढाऱ्यांना टोप्या घातल्या, एका काटेकोराचं काय! चर्चेत जाऊन लिहिलं, "आपल्या ज्ञानकोशात परदेशातल्या बंद पडलेल्या च्युइंगगमची नोंद आहे. आमच्या ताक्यानं काय घोडं मारलं?"

काटेकोरांचं उत्तर आलं, "दुसरीकडे कचरा आहे, म्हणून इथेही असावा, हा युक्तिवाद होत नाही."

मी चर्चा बंद केली आणि शीतलला हाक मारली.

"आता समाजच उभा करतो!" मी गरजलो.

"आबा, तिथे मतदान नसतं," शीतल म्हणाली.

"पोरी, मतदान कुठे नसतं?"

आमच्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला मी आवाहन लिहिलं. भाषा भारदस्त हवी. हिलालचा फोटोही हवा. रंगीत फोटोंत त्याचे डोळे मिटलेले, म्हणून उघड्या डोळ्यांचा जुना कृष्णधवल फोटो घेतला. फार उघडा-बोडका दिसत होता, म्हणून मोबाईलमधल्या सोयीनं भोवती झेंडूच्या फुलांची चौकट बसवली. खाली लिहिलं:

"आपले हिलालभाऊ. त्यांची आठवण पुसली जाऊ नये, असे वाटत असेल, तर खालील दुव्यावर जाऊन दोन शब्द अवश्य लिहा."

आपलं काम चोख! मी मोबाईल बाजूला ठेवून वामकुक्षी घेतली. तो इतका थरथरला, की टेबलावरून चालत जाऊन खाली पडला. मी झोपेत म्हणालो, "समाज जागा झाला."

जागा झाल्यावर ज्ञानकोशाची चर्चा उघडली. वरपासून खालपर्यंत एकच ओळ: "भावपूर्ण श्रद्धांजली." मध्येच, "हिलालभाऊंच्या आत्म्यास शांती लाभो." आणि उखाशेठ कारखानदार: "असा मुकादम पुन्हा होणे नाही." सगळ्यांच्या खाली काटेकोर: "दुःखात सहभागी आहे. तथापि श्रद्धांजली हा संदर्भ धरता येत नाही."

मी चपला न घालताच धावलो. उशीर झाला होता. आमच्याकडे कुणी गेलं की दारावर जाऊन बसायची रीत आहे. तिथे बोलायचं नसतं, नुसतं बसायचं. हिलालच्या दारात टोप्या घातलेली माणसं खाली मान घालून बसली होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या धुरपदाबाई पिठल्याचा डबा घेऊन उभ्या! आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, खाली मान घालून, हिलाल. बाजारातून येताना दारात माणसं दिसली, म्हणून तोही रीतीप्रमाणे बसला होता!

"कोण गेलं?" त्यानं शेजारच्याला हळूच विचारलं.

शेजाऱ्यानं मान वर केली आणि टोपी टाकून पळाला.

पुष्पावहिनी बाहेर आल्या. "हाऊ जित्ता शे!" त्या कडाडल्या. "कोनी मारं याले?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. विहीर असती, तर उडी मारली असती. सोसायटीत बोअरिंग आहे.

"आबा, आ शुं कर्युं तमे?" शीतल कपाळाला हात लावून गुजरातीत म्हणाली. हे काय करून ठेवलंत म्हणून!

एवढ्यावर भागलं असतं. पण शनिवारी आपलं समाजाचं साप्ताहिक निघालं. पहिल्याच पानावर मृत्युलेख, "'ताकामित्र'कार हिलालभाऊ गेले!" प्रोग्रॅमचा जन्म, उपयोग, अहिराणी सूचना, उखाशेठच्या आठवणी, सगळं अगदी बिनचूक. फक्त मरणाचं तेवढं चुकलं.

"फोन करून विचारायचं तरी!" मी साप्ताहिकाचा संपादक कुंदन याच्यावर ओरडलो.

"अशा वेळी घरच्यांना फोन कसा करायचा, आबा?" तो म्हणाला. खरं आहे. रीत म्हणजे रीत.

संध्याकाळी काटेकोरांनी निकाल दिला: "स्वतंत्र, सविस्तर छापील संदर्भ मिळाला. नोंद ठेवावी."

हिलालनं मृत्युलेख परत परत वाचला. "जिवंतपणी एवढं चांगलं कुणी बोललं नाही आबा," तो हळूच म्हणाला. "खुलासा नका छापू. लेख खोटा ठरला, तर नोंदही जाईल. मी सकाळी अंधारात फिरायला जाईन."

"आनि मी?" पुष्पावहिनींनी कपाळावर बोट ठेवलं. "हाई कुंकू तुमना कॉम्प्युटरले इचारीसन लावू का?"

हिलालनं फ्लॉपीवरचा कप उचलून बाजूला ठेवला, फ्लॉपी पुसली आणि म्हणाला, "छापा, मी जिवंत आहे म्हणून. फक्त त्यात प्रोग्रॅमचं नाव नीट येऊ द्या."

म्हणून हा खुलासा. हिलालभाऊ जिवंत आहेत. सगळा दोष माझा आहे. झेंडूही माझाच. 'ताकामित्र' हा प्रोग्रॅम मात्र खरोखरच होता, चालला, आणि खरोखरच वारला. काटेकोर साहेब, हेही छापूनच येत आहे. मृत्युलेखाच्या जागी संदर्भ म्हणून धरता आलं, तर बघावं.

आणि धुरपदाबाईंच्या पिठल्याच्या डब्याचं झाकण त्या गडबडीत कुणाबरोबर तरी गेलं आहे. त्या रोज माझ्या दारात येऊन विचारतात. ज्यांच्याकडे असेल, त्यांनी कृपया आणून द्यावं.