हिरव्या मेणातला राजा

इंग्लंडच्या गॉडवाल्ड राजाविरुद्ध सरदारांनी तिसरं बंड केलं, त्या आठवड्यात राजमुद्रेतला राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला. मुद्रा उमटवायचं काम हॅमोचं. बारा वर्षं तो हिरवं मेण पातळ करून फर्मानांना लावत आला होता. फर्मानाला लोंबणाऱ्या त्या मेणाच्या एका बाजूला सिंहासनावर बसलेले महाराज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचे. उभे महाराज त्याने प्रथमच पाहिले.

राजवाड्यात विचारणा झाली. खरे राजे म्हणाले, गुडघेदुखीमुळे आपण महिनाभर जागचे हललेलो नाही. त्यावर मोठे कारकून ऑसबर्न यांनी निकाल दिला, की या राजांना राज्यात पाहिलंय कोणी? लोक ओळखतात ते मेणातल्या राजाला. उभ्याने दिलेली फर्मानं चालतील, फक्त ती तातडीची समजावीत.

पुढच्या आठवड्यात महाराज पायरीवर डोक्याला हात लावून बसलेले उमटले. मग चौथं बंड झालं आणि सिंहासन रिकामंच उमटलं. रिकाम्या सिंहासनाचं फर्मान कोण मानणार? कचेरी ठप्प झाली.

नेमका तेव्हाच हॅमोचा धाकटा भाऊ वॉल्टर अडकला. आपल्या सरदारामागून बंडात गेलेला साधा तिरंदाज. शुक्रवारी भर दुपारी वेक्सकोम गावी त्याला फाशी होणार होती. राजांनी तोंडी माफी दिली, पण त्यांच्या शब्दाला आता दारावरचे पहारेकरीही विचारत नव्हते. मेणात राजा असेल तरच वॉल्टर वाचणार होता.

बुधवारी हॅमोने माफीपत्र पुढ्यात घेतलं. मुद्रा उचलली, तर सिंहासन रिकामं. मेण उलटून पाहिलं, तर घोडाही नाही. नुसत्या टापा काठापर्यंत गेलेल्या, काठ फुटलेला, आणि पुढे मेजावरून दारापर्यंत हिरवे ठिपके.

ऑसबर्ननी वहीत नोंद केली, 'स्वारी वेक्सकोमकडे निघाली.'

रविवारी वॉल्टर चालत कचेरीत आला. हॅमोने त्याला कवटाळलं ते बराच वेळ सोडलंच नाही. मग वॉल्टर सांगू लागला. गळ्यात दोर पडला होता, तेवढ्यात रस्त्यावरून अंगठ्याएवढा हिरवा स्वार आला. तो नीट दिसावा म्हणून लोक गुडघ्यांवर वाकले, आणि वाकल्यावर कोणालाच उठवेना. फाशी देणाऱ्याने टोपी काढली.

"दादा, ऊन फार होतं," वॉल्टर म्हणाला. "शिडीपाशी घोडा वितळला. महाराज पायी वर चढले. माझा दोर सोडेपर्यंत त्यांनी तलवार खाली केली नाही."

त्याने मूठ उघडली. तळहातावर हिरव्या मेणाचा एक गोळा होता.

हॅमोने तो गोळा ओंजळीत घेतला. बारा वर्षं आपण या राजाला रोज मुद्रेखाली दाबत आलो, हे त्याच्या मनात आलं. ऑसबर्न जागेवरून उठून उभे राहिले. फर्मानाला राजाचं मेण लागतं, ते कसं दिसावं याबद्दल नियम काही म्हणत नाही, असं ते हलक्या आवाजात म्हणाले.

हॅमोने तो गोळा माफीपत्राला लावला. मुद्रेला मात्र त्याने हात लावला नाही.