बायकोच्या हातचा टोमॅटो

लाल आणि हिरवा हे दोन रंग कारकुनाला जन्मापासून एकसारखे दिसत. भाजीपाला पिकवणाऱ्या कंपनीत पत्रं टाइप करायला त्याने काही अडत नव्हतं. पण गच्चीवरच्या कुंड्यांतले टोमॅटो तोडायला गेला, की टोपलीत निम्मे कच्चे.

"अहो, याचे अजून दुधाचे दात पडले नाहीत आणि आणलंत तोडून!" बायको म्हणे.

शेवटी त्याने ठरवलं, आपल्याला दिसत नाही ना, मग कॉम्प्युटरला बघायला शिकवू. इंटरनेटवरचा दोन महिन्यांचा कोर्स त्याने पाच महिन्यांत पुरा केला. (शिकवणारा फार भरभर बोलायचा.) मग फोटो. पिकलेला टोमॅटो बायकोने हातात धरून दाखवायचा, याने टिपायचा. ती कामावर गेली, की उरलेले कच्चे हा एकटाच टिपायचा. असे बाराशे फोटो कॉम्प्युटरला खाऊ घातले, गच्चीत कॅमेरा लावला. बायकोने टोमॅटो समोर धरताच आवाज आला, "पिकलं!"

गडी हवेतच! ऑफिसात ही गोष्ट त्याने फक्त एकालाच सांगितली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती मालकांपर्यंत पोचली होती.

"रविवारी बघायला येतो," मालक म्हणाले. "जमलं तर आपल्या हरितगृहात बसवू."

रविवारी मालक गच्चीत उभे राहिले. कारकुनाने कॅमेरा झाडाकडे वळवला. यंत्र गप्प.

"विचार करतंय, साहेब."

"अहो, टोमॅटो लालभडक आहे!"

"असेल, साहेब. मला कल्पना नाही."

तेवढ्यात बायकोने कॅमेऱ्यासमोरूनच मालकांना चहाचा कप पुढे केला. "पिकलं!" यंत्र ओरडलं. मालकांचा हात नकळत आपल्या पांढऱ्या केसांकडे गेला.

"हे मला म्हणालं का?"

बायकोने हात मागे घेतला, यंत्र गप्प. पुढे केला, "पिकलं!"

"अहो, पिकलेल्या प्रत्येक फोटोत माझा हात आहे," ती हळूच म्हणाली. "हे टोमॅटो शिकलंच नाही. माझा हात शिकलंय!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारकुनाला कुंडीत शिरून वर माती ओढून घ्यावीशी वाटली. मालक मात्र चहा सांडेपर्यंत हसले. "यंत्र हुशार आहे हो, शिकवणी चुकली. पुन्हा शिकवा!"

बाराशे फोटो नव्याने निघाले. बायको लांब उभी राहून नुसतं "पिकलं", "कच्चं" सांगायची. महिन्याभराने हरितगृहात यंत्राने शंभरातले शहाण्णव टोमॅटो बरोबर ओळखले. यंत्राच्या सांगण्यावरून कारकुनाने आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने टोपली भरली. बायकोने ती उलटी करून पाहिली. एकही कच्चा नव्हता! तिने त्याला शाबासकी दिली नाही, पण तिथल्या माळ्याला म्हणाली, "आमच्या ह्यांनी केलंय बरं का, हे यंत्र." कारकुनाला चष्मा पुसावा लागला.

संध्याकाळी मालकांचा फोन आला. "आता भोपळी मिरची, मग वांगी! यंत्रांच्या शिकवणीसाठी नवा विभाग काढतोय. प्रमुख शोधताना तुमचंच घर डोळ्यांसमोर आलं."

कारकुनाने खुर्चीतून उठून शर्ट नीट केला. "उद्यापासूनच हजर होतो, साहेब!"

"वा! बाईंबरोबर तुम्हीही येताय? या की. कॅमेरा धरायला कोणीतरी लागेलच."